एका ठोक्यात तीन पावत्या

चुडामणआप्पांना कुणी विचारलं की तुम्ही काय करता, तर ते कधी "नोकरी करतो" म्हणत नाहीत. "काटा सांभाळतो," म्हणतात. घरात म्हातारे वडील असावेत आणि त्यांना सोडून कुठं जाता येत नसावं, अशा सुरात.

काटा म्हणजे प्रकाशा गावाच्या फाट्याजवळचा आमच्या शेतकरी सोसायटीचा वजनकाटा. पपई, केळी, कापूस, ऊस, जे काय पिकेल ते ट्रॅक्टर भरून त्या लोखंडी पाट्यावर चढतं. आतल्या खोलीत कॉम्प्युटरवर आकडा उमटतो, आणि प्रिंटर टर्रर्र करत पावती काढतो. खोलीत दोन खुर्च्या. एकीवर आप्पा, दुसरीवर मी. मी कामिनी, सोसायटीची क्लार्क. माहेर लोणखेड्याचं, कॉलेजही तिथलंच. आप्पा नात्यानं माझे चुलत सासरे लागतात. त्यामुळे नोकरीला लागले तेव्हा डोक्यावर पदर घेऊन गप्प बसायचं की भांडायचं, असा प्रश्न पडला होता. मी भांडायचं ठरवलं, आणि अजून पस्तावले नाही.

माणूसच तसा आहे. त्यांचा पहिला नियम, ट्रॅक्टर काट्यावर लागला की ड्रायव्हरनं खाली उतरायचं. ऊन असो, पाऊस असो, पाय मोडलेला असो. "माल मोजाना शे, मानसं नही," हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की झोपेतही म्हणेन. एकदा आमचे चेअरमन शिवाजीभाऊ मोबाइलवर बोलता बोलता काट्यावर जाऊन उभे राहिले. शेजारी एका शेतकऱ्याची पपई मोजणं चालू होतं. आप्पांनी खिडकीतून हाक मारली, "भाऊ, खाले उतरा. नहीते पपईना भावमा जाशात!" सगळी रांग हसली. शिवाजीभाऊ उतरले, पण ते त्यांनी मनात ठेवलं. चेअरमन लोकांचं मन मोठं असतं, बरंच काही मावतं त्यात.

रोज सकाळी आप्पा आधी स्वतः काट्यावर उभे राहतात. काटा पाच-पाच किलोनं मोजतो, म्हणून त्यांचं वजन कधी साठ असतं, कधी पासष्ट. पासष्ट दिसलं की दिवसभर खुशीत असतात. मी एकदा म्हटलं, आप्पा, दवाखान्यात मशीन असतं, बरोबर सांगतं. तर म्हणाले, त्या मशीनची मला ओळख नाही.

आणि प्रिंटर. तो कधीकाळी पांढरा होता, आता चहाच्या रंगाचा झालाय. रुंद, जाडजूड, सुया मारून छापणारा. त्याच्यात एकावर एक तीन कागद जातात. पांढरा शेतकऱ्याचा, गुलाबी व्यापाऱ्याचा, पिवळा सोसायटीचा. सुईचा ठोका वरच्या कागदावर बसतो आणि तोच खालच्या दोन्हींवर उमटतो. सगळा भरवसा या एका गोष्टीवर उभा आहे. वरचा आकडा एक आणि खालचा दुसरा, असं होऊच शकत नाही. "एक ठोका, तीन साक्षीदार," आप्पा म्हणतात. आमच्या भागात वजनावरून पूर्वी डोकी फुटलेली आहेत. या काट्यावर आजवर एकही नाही.

आता मुख्य भानगड सांगते.

कॉम्प्युटरची जुनी सिस्टीम आता चालणार नाही, नवी टाकावी लागेल, असं वरून आलं. शिवाजीभाऊंनी दसऱ्याचा मुहूर्त धरला. शहरातून एक इंजिनिअर आला, सकाळी नवी सिस्टीम टाकली, चहा प्याला आणि सणाला घरी जायची घाई म्हणून निघून गेला. त्याच्या पाठोपाठ आप्पा पूजेला बसले. दसऱ्याला शेतकरी नांगर पुजतो, ड्रायव्हर गाडी पुजतो, आप्पा काटा पुजतात. लोखंडी पाट्याला स्वस्तिक, कॉम्प्युटरला कुंकू, प्रिंटरला झेंडूची माळ. यंदा नवी सिस्टीम आलेली, त्यामुळे भक्तीला पूर आला होता. मी कीबोर्ड उचलून मांडीवर घेतला, नाहीतर त्यालाही हळद लागली असती. आणि पुजलेल्या हत्याराला त्या दिवशी कामाला लावायचं नसतं. म्हणून कुणी एक पावतीसुद्धा काढून बघितली नाही. आपट्याची पानं वाटली, खोलीला कुलूप लावलं आणि घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा सवयीप्रमाणे काट्यावर उभे राहिले आणि कॉम्प्युटरवर शून्य दिसलं.

"आप्पा," मी खिडकीतून म्हटलं, "तुम्ही शेत की नही?"

म्हणजे, आहात की नाहीत. हसण्यासारखं तेवढंच होतं. वजनाचा आकडा येईना, प्रिंटरला कॉम्प्युटर ओळखेना, आणि प्रिंटरचा लाल दिवा पेटला तो विझेना. लाल दिवा म्हणजे कागद संपला. कागद तर समोर दिसत होता! इंजिनिअरला फोन केला. तो म्हणाला, प्रिंटर जुना आहे, नव्या सिस्टीमशी जमणार नाही, नवा घ्या. पुढच्या वेळी फोनच उचलला नाही. मला असा राग आला की मी त्याचा नंबर 'पळपुटा' या नावानं ठेवून दिला.

शिवाजीभाऊंनी एक नवाकोरा लेझर प्रिंटर आणला. सुंदर, शांत, आवाज नाही. नमुन्याचा आकडा टाकून बघितला, पावती एक सेकंदात बाहेर. पण त्यात सुई नाही, ठोका नाही. वरचा पांढरा कागद छापला, खालचे दोन कोरे. भाऊ म्हणाले, मग तीनदा छापा, त्यात काय! आप्पांनी मान हलवली.

"तीनदा छापाले लागनू, म्हंजे तीनदा बदलता येस," ते म्हणाले.

"तुमच्यावर कोण संशय घेईल, आप्पा?" मी विचारलं.

"मन्हावर नही. पन मी काय कायम शे?"

 आठवडाभरात पपईचे ट्रॅक्टर हायवेवरच्या खाजगी काट्याकडे वळायला लागले. रांगेच्या जागी दोन कुत्री झोपायला लागली. शेवटी शिवाजीभाऊंनी खोलीत येऊन, उभ्या उभ्या, सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "आप्पा, लाभपंचमीले तीन रंगनी पावती निघनी ते काटा तुमना. नही निघनी ते दिनेशभाऊले ठेका देवाना शे."

दिनेशभाऊ म्हणजे शहाद्याचा ठेकेदार. त्याची यंत्रं स्वतःची, माणसं स्वतःची. म्हणजे आप्पांनी घरी बसायचं. आमच्याकडे दिवाळीनंतरच्या लाभपंचमीला धंद्याचा मुहूर्त होतो, पपईचा हंगामही तेव्हाच रंगात येतो. तोवर वेळ होता, पण तोड नव्हती.

 त्या दिवसापासून आप्पांनी सकाळी काट्यावर उभं राहणं बंद केलं. मला ते बघवेना. मी त्यांच्याशी भांडते, पण काट्याशिवायचे आप्पा माझ्या डोळ्यांसमोर येतच नव्हते. भिकुकाकू, म्हणजे त्यांची बायको, ओसरीवर शेंगा फोडता फोडता मला म्हणाली, "दिनभर काटा काटा करतस. घरमा बसनात ते मन्ही भाजीबी मोजतीन." म्हणताना हसली. मग म्हणाली, कामिनी, काहीतरी कर गं. ते रात्रीचं जेवत नाहीत.

तेव्हा मला रविना आठवली.

रविना लोणखेड्याला कॉलेजात माझ्या वर्गात होती. नवापूरकडची, बोर्डिंगात राहायची. तिची घरची बोली मला येत नव्हती आणि माझी अहिराणी तिला, म्हणून आम्ही दोघी अगदी पुस्तकातलं मराठी बोलायचो. बाकीच्या मुली आम्हाला 'आकाशवाणी' म्हणायच्या. आता तिचं विसरवाडीला चौफुलीवर कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. ढाब्याचं बिलाचं मशीन असो की ट्रान्सपोर्टवाल्याचा कॉम्प्युटर, सगळं तिच्याकडे येतं. फोन केल्यावर म्हणाली, "रविवारी चर्च असतं, सोमवारी येते. चहा चांगला कर, कॉलेजातल्यासारखा नको."

सोमवारी बस बदलत बदलत आली, पाठीला बॅग. आप्पांना नमस्कार केला आणि थेट टेबलाखाली शिरली. दुपारपर्यंत तिनं दोन गोष्टी सोडवल्या. काट्याची वायर कॉम्प्युटरला ज्या जोडणीतून आकडा द्यायची, नव्या सिस्टीमनं त्या जोडणीचा नंबरच बदलला होता. आकडा येत होता, पण वजनाचा प्रोग्राम जुन्याच पत्त्यावर बसून त्याची वाट बघत होता. तो नंबर बदलला आणि आप्पा काट्यावर उभे राहिले तर साठ! मग प्रिंटर. नव्या सिस्टीमच्या यादीत आमच्या प्रिंटरचं नावच नव्हतं. रविनानं नाव शोधायचा नाद सोडला आणि 'फक्त अक्षरं छापणारा साधा प्रिंटर' असा एक पर्याय होता तो निवडला. कॉम्प्युटर म्हणाला, प्रिंटर मिळाला. आम्ही दोघींनी टाळी दिली.

पावती मात्र निघाली नाही. लाल दिवा तसाच.

"हेही सिस्टीमचंच असणार," रविना म्हणाली. "दोन लबाड्या केल्या, तिसरीही तिचीच. मी चार जणांना विचारते."

तिनं विचारलं. मीही मोबाइलवर शोधशोध शोधलं. कुणी म्हणालं अमुक फाइल टाका, कुणी म्हणालं तमुक काढा. आम्ही टाकली, काढली, पुन्हा टाकली. त्यात दिवाळी आली नि गेली. आप्पा रोज त्या प्रिंटरजवळ जाऊन हात जोडायचे, पुटपुटायचे. मी शेवटी चिडून म्हटलं, "आप्पा, देवबी कटाळी गया व्हई."

लाभपंचमीच्या आदल्या दिवशी रविना पुन्हा आली. येताना तिच्या आईनं दिलेले नागलीचे, म्हणजे नाचणीचे, लाडू घेऊन आली होती, ते तसेच राहिले. सकाळ गेली, दुपार गेली. तीच सेटिंग, तोच लाल दिवा. शिवाजीभाऊंचा फोन येऊन गेला की दिनेशभाऊ उद्या माणूस घेऊन येतोय. आप्पा कोपऱ्यातल्या कपाटातून आपल्या वस्तू काढून पिशवीत भरायला लागले. चष्म्याचं घर, पंचा, पितळी डबा.

तो डबा पिशवीत जाताना मी पाहिला आणि माझं डोकं फिरलं. आधीच फार थंड नसतं ते. मी उठले, प्रिंटरमागची ती रुंद केबल दोन्ही हातांनी धरली आणि कॉम्प्युटरपासून उपटून काढली. "जा! नको तुझी सिस्टीम!" असं काहीतरी ओरडलेसुद्धा.

रविना माझ्याकडे बघायच्या ऐवजी प्रिंटरकडे बघत होती.

"कामिनी," ती हळूच म्हणाली, "दिवा अजून लालच आहे."

"मग?"

"मग काय! केबलच काढलीस ना तू? आता याचा सिस्टीमशी संबंधच नाही. तरी हा कागद संपला म्हणतोय. म्हणजे दुखणं याच्या स्वतःच्या पोटात आहे, आणि आपण महिनाभर शेजाऱ्याला औषध देतोय."

स्वतःच्या कपाळावर हात मारून घेत तिनं प्रिंटरचं झाकण उघडलं आणि टॉर्च लावला. कागद आत येतो तिथं नखाएवढी प्लास्टिकची एक जीभ असते. कागद आला की ती खाली दबते, म्हणून प्रिंटरला कागद कळतो. ती जीभ दबतच नव्हती. रविनानं चिमट्यानं खालून काहीतरी ओढून काढलं आणि तळहातावर ठेवलं.

कुंकवानं लाल झालेला तांदळाचा दाणा. एकटा नाही, दोन. आणि ते जिभेखाली ज्यानं घट्ट चिकटले होते तो वाळून दगड झालेला पेढा.

मी वाकून बघितलं. मग रविना गंभीर चेहऱ्यानं म्हणाली, "आप्पा, याला पेढा चालत नाही. पथ्य आहे." आणि आम्ही दोघी जे हसत सुटलो ते पोट दुखेपर्यंत. तिनं ती जागा पुसली, जीभ दोनदा दाबून बघितली, मी उपटलेली केबल मलाच लावायला सांगितली. लाल दिवा विझला होता. रिकाम्या काट्याचीच पावती काढून बघितली. टर्रर्र. पांढरी, गुलाबी, पिवळी.

हसता हसता मी वळले तर आप्पा खुर्चीत बसून जमिनीकडे बघत होते. ते हसत नव्हते. पावती त्यांच्या हातात दिली, तरी वर बघेनात.

"मीच घास भरवा त्याले," ते म्हणाले. "नवीन सिस्टीम उनी म्हनीसन तोंडले लावा."

रविना त्यांच्याजवळ उकिडवी बसली. "आप्पा, कुणाला काही सांगायची गरज नाही. दोन चुका सिस्टीमच्या होत्याच. तिसरी तिच्याच नावावर राहू द्या. तिचं नाव तसंही खराब झालंय."

मीही म्हटलं, आप्पा, गप्प राहायचं. शपथ घातली, भिकुकाकूची. आप्पांनी मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नुसतीच, हे मी विचारायला हवं होतं.

लाभपंचमीची सकाळ. गावात बातमी फिरली होती, रांगेत ट्रॅक्टरच ट्रॅक्टर. व्यापाऱ्यांचे मुनीम आले होते. दिनेशभाऊ पांढऱ्या गाडीतून उतरला, सोबत त्याचा माणूस, बगलेत यंत्राचं खोकं. शिवाजीभाऊंनी नारळ फोडला, पहिला ट्रॅक्टर मोजला, तीन रंगांची पावती वर धरून सगळ्यांना दाखवली. आणि माईक नसतानाही भाषण सुरू केलं. नव्या सिस्टीमनं आपल्याला कसं छळलं, कंपन्या जुन्या यंत्रांना कशा मारतात, पण सोसायटीनं कशी मात केली. लोक टाळ्या वाजवत होते. मी मनात म्हटलं, झालं, सुटलो.

तेवढ्यात आप्पा खिडकीशी उभे राहिले.

"भाऊ, सिस्टीमना दोष नही. दोष मन्हा शे."

मी त्यांचा सदरा मागून ओढला. त्यांनी माझा हात बाजूला केला. "दसराले पूजा करी, तवय अक्षताना दाना मीच आत टाका. पेढाबी मीच लावा. त्यामुळे बंद पडेल व्हता."

टाळ्या थांबल्या. शिवाजीभाऊंच्या हातातली पावती हवेतच राहिली. त्यांचा चेहरा आधी पडला, मग तापला. इतक्या लोकांसमोर भाषणाचं खोबरं झालं होतं.

"म्हंजे इतला दिन तुमना पेढानी आम्हले नाचाडं?" ते ओरडले. "आनि आते सांगतस? नही सांगतात ते कोन्ले समजतं?"

"माले समजेल व्हतं ना, भाऊ," आप्पा म्हणाले.

एवढंच. आवाज चढवला नाही, हात जोडले नाहीत. मला त्या क्षणी त्यांचा इतका राग आला आणि इतका अभिमान वाटला की दोन्हींचं काय करावं कळेना. शिवाजीभाऊ दिनेशभाऊकडे वळले. जुनी खुन्नस, नवा अपमान, दोन्हीला वाट मिळाली होती. "दिनेशभाऊ, कागद आनेल शेत ना? करा सही. आजपासून काटा तुमना."

दिनेशभाऊ जागचा हलला नाही. तो आप्पांकडे बघत होता. मग त्यानं आपल्या माणसाला खूण केली, खोकं गाडीत ठेव.

"माले नको हाऊ काटा," तो म्हणाला.

"काबरं?"

"भाऊ, मी धंदा करस. आठला, या गावना लोकेस्ले आप्पानी सवय लायी ठेयेल शे. स्वतःनी चूक खिडकीमा उभं ऱ्हाईसन सांगस, असा मानूस त्यास्नी देखेल शे. मन्हा मानूस आठे दोन दिन टिकनार नही." आणि हसून, शिवाजीभाऊंच्या पाठीवर हात ठेवून, तो गाडीत बसून गेलासुद्धा.

रांगेत आधी कुणीतरी फसकन हसलं. मग सगळे. पेढ्याची गोष्ट मागच्या ट्रॅक्टरपर्यंत पोचत गेली आणि हसू तसतसं मागं सरकत गेलं. शिवाजीभाऊ थोडा वेळ दात-ओठ खात उभे होते. पण माणूस शेवटी गावचाच. त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं, हातातली पावती घडी करून खिशात घातली आणि खिडकीकडे न बघता म्हणाले, "बसा, आप्पा. लोके थांबेल शेत."

आप्पा खुर्चीत बसले. पुढच्या ट्रॅक्टरला हाक मारायला त्यांनी तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. पुन्हा उघडलं. डोळ्यांतलं पाणी चष्म्याच्या आतून गालावर आलं. माझ्याकडे बघवत नव्हतं त्यांना, आणि मला त्यांच्याकडे.

मी उठले, खिडकीतून अर्धी बाहेर वाकले आणि त्यांच्याच सुरात, जमेल तेवढ्या मोठ्यानं ओरडले, "चला, पुढला ट्रॅक्टर लावा रे! आनि ड्रायव्हर खाले!"